मुलगी तुमची, घर आमचं

मीठ सापडेना.

हौसानं पहिला डबा उघडला. मोकळा. दुसरा उघडला, तोही मोकळा. फळीवर ओळीनं दहा पितळी डबे होते, चिंचेनं घासून लखलखीत केलेले, आणि त्यातला एकही तिच्या घरचा नव्हता. बाहेरच्या खोलीत दहिवडीकडचे पाहुणे पोहे खात होते. मुलाच्या चुलतीनं, राहीबाईनं, पहिल्याच घासाला म्हटलं होतं, "मीठ कमी हाय गं. चिमूटभर आण." त्याला आता बराच वेळ झाला होता. स्वतःच्या स्वयंपाकघरात मीठ न सापडणारी मुलगी कवठे महांकाळ तालुक्यात आजवर झाली नसेल. झाकण पडता पडता राहिलं.

हे सगळं अनंत मंडपवाल्याचं काम. लग्नसराई संपली की सांगलीला त्याच्या खुर्च्या, पडदे, रुखवतात मांडायची भांडी धूळ खात पडायची. मग त्याला अक्कल सुचली. सायकलला पिशवी अडकवून तो गावोगाव दोन खोल्यांची घरं धुंडाळू लागला. त्यातही जिथून पाहुणे नकार देऊन गेलेत, नेमकी तीच घरं. हौसाच्या वडलांच्या, केरबाच्या, हातात त्यानं एक गुलाबी कागद ठेवला. त्यावर छापलं होतं, 'मुलगी तुमची, घर आमचं. बघण्याच्या कार्यक्रमासाठी घर सजवून मिळेल.'

"मुलीला कुणी नावं ठेवली का?" अनंतनं विचारलं. "नाही ना? मग नकार कुणाला आला? ह्या भिंतींना! बंगल्यावाल्यांना माझी काय गरज, केरबा? मी तुमच्यासारख्यांसाठीच बाहेर पडलोय."

केरबा विरघळला. दोन स्थळं घर बघून उठून गेली होती. दुष्काळानं बैल नेले, त्याबरोबर घराची रयाही नेली. आता तिसरंही गेलं तर लोक घराला सोडून मुलीलाच बोल लावणार, ही त्याला धास्ती. हौसालाही तीच. सकाळपासून तिला घोटभर चहा उतरला नव्हता.

दिवस उगवायलाच अनंत सामान घेऊन आला. खुर्च्या मांडल्या, भिंतीवर घड्याळ लावलं, खिडकीला पडदा आला. काळी पडलेली चूल सारवून त्यानं तिच्यापुढं रांगोळी काढायला लावली आणि बजावलं, "आज पेटवायची नाही." पोहे शेजारी बनुबाईच्या चुलीवर झाले. घरची गाडगी-मडकी पोत्यात गेली आणि पोती बनुबाईच्या गोठ्यात. मिठाची बरणीही त्यातच गेली. ती आणायची तर पाहुण्यांच्या समोरून जायला हवं. घराला दार एकच होतं.

"पोरगी मिठागरात गेली का काय?" मुलाचा बाप दादासो बाहेरून ओरडला. सगळे हसले. केरबाही हसला, पण त्याचं हसू हौसाला ओळखीचं वाटलं नाही.

"थांबा, मीच बघती," राहीबाईचा आवाज आला, आणि पाठोपाठ ती दारात उभी राहिली. तिनं न पेटलेली चूल बघितली. हौसाच्या हातातला मोकळा डबा बघितला. मग पुढं होऊन तिनं स्वतः तिसरा डबा उघडला. चौथा उघडला.

संपलं, हौसाला वाटलं. आता ही बाहेर जाऊन सांगणार आणि बाची मान सगळ्या गावात खाली जाणार.

"मावशी, कुणाला सांगू नगा," ती हात जोडून म्हणाली. "दोन पाव्हणं गेल्यात. माझा बा खचंल."

राहीबाईनं मागं वळून दार लोटून घेतलं. हौसा भिंतीला चिकटली. राहीबाईनं फटीतून एकदा बाहेर बघून घेतलं.

"मिठाचं निमित्त हुतं," राहीबाई कुजबुजली. "मला तू एकली गावायला पायजे हुतीस. आमचा सिद्धू बिजवर हाय. लपवलंय तुमच्यापासनं. पयली वरीसभर नांदली. लय मारायचा तिला. येक दिस पाण्याला गेली ती माघारी आलीच न्हाई. दुष्काळात हिरीला पाणी न्हवतं पोरी, पर तिच्यापुरतं हुतं."

दाराच्या फटीतून हौसाला सिद्धू दिसला. भाड्याच्या खुर्चीत खाली मान घालून तो पोहे खात होता. मघाशी तिला तो लाजाळू वाटला होता. आता त्याच्या मनगटाकडे बघूनही तिच्या अंगावर काटा आला.

"तू न्हाई म्हण," राहीबाई म्हणाली.

"माझं कोण ऐकतंय? तुमी सांगा की माझ्या बाला."

"मी सांगितलं तर जित्ती ऱ्हाईन व्हय? मला त्याच घरात परत जायाचंय."

बाहेर खुर्च्या सरकल्या.

"केरबा, घर आमच्या मनात भरलं," दादासोचा आवाज आला. "पोरगी पसंत हाय. साखर वाटा!"

दोन वर्षं हौसा 'पसंत' ह्या एका शब्दाची वाट बघत होती. तो कानावर पडला आणि ती दारापासून मागं सरली.

"हौसे, साखर आण गं!" केरबाचा आवाज आनंदानं फुटला होता.

हौसानं हातातला मोकळा डबा राहीबाईच्या हातात कोंबला.

"मावशी, भाईर जावा आन् समद्यांफुडं ह्यो उपडा करा," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडती, मला नापसंत करा."