ॲनेक्शर पाहावे

“अटॅचमेंट म्हणा हो बाबा. ॲनेक्शर आता फक्त संग्रहालयात सापडतं.”

बाबा तिच्या खुर्चीमागे उभं राहून मजकूर सांगत होते. पाणीपुरवठ्याच्या फिल्टर हाउसवर ते पर्यवेक्षक होते. टायपिंग मात्र लेकीकडे. पाहणीचा छापील नमुना एका पानाचा. सातव्या रकान्यात ‘वरची लोखंडी वाट’, पुढे बोटभर जागा. तिथे बाबांनी लिहायला सांगितलं : ‘ॲनेक्शर पाहावे.’ ॲनेक्शर वेगळं, तीन पानांचं. कुठला बोल्ट गंजलाय, कुठली पट्टी पायाखाली हलते, फुटाफुटाचा हिशेब.

“शब्द जुना असेल, गंज ताजा आहे,” बाबा म्हणाले आणि शेवटच्या पानावर सही केली. दोघंही हसली. हसता हसताच तिने कागद स्कॅन केले, बाबांच्या साहेबांना मेल पाठवला.

पुढे रोज घरी आल्यावर ते विचारत, उत्तर आलं का. येईल हो, ती म्हणे.

बाराव्या दिवशी वरचा व्हॉल्व्ह अडकला. बाबांनी कामगारांना वर चढू दिलं नाही, स्वतः गेले. वाट त्यांच्यासकट खाली आली.

बाबांच्या मृत्यूच्या चौकशीला साहेबांनी तेच एक पान टेबलावर ठेवलं. धोक्याची लेखी सूचना नाही, म्हणजे निष्काळजीपणा पर्यवेक्षकाचाच, असं ते म्हणाले. सातव्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी मान हलवली. जुन्या माणसांना असे भारदस्त शब्द पेरायची सवयच असते. टेबलाभोवतीचे दोघेतिघे हसले. तिचे कान तापले. हाच विनोद तिने केला होता.

काका, बाबांचे धाकटे भाऊ, उसळले. कागद तुम्हीच गिळलेत, म्हणाले. मग पुतणीला कोपराने ढोसलं : ती पानं आणलीस ना, फेक यांच्या तोंडावर.

पानं पर्समध्ये होती. त्यांच्यामागे, पुरावा म्हणून आज सकाळी छापलेला तिचा मेल. नुसती पानं पुढे केली असती, तर साहेब पुरते अडकले असते.

तिने दोन्ही टेबलावर ठेवलं.

“हे ॲनेक्शर. जोडायला मी विसरले. हा माझा मेल, त्याला एकच फाइल आहे.”

काकांनी डोक्याला हात लावला. साहेब सैलावून खुर्चीत मागे रेलले.

“रेलू नका, साहेब. अकरा दिवस ‘पाहावे’ असं लिहिलेलं तुमच्यासमोर होतं. काय पाहावे, कुठे आहे ते, एकानेही विचारलं नाही. माझं नाव लिहून घ्या. खाली तुमचंही लिहा. बाबांचा कागद पुरा होता.”