डबा मॉनिटर

"दादा, चूक तुझ्या हाताची नाहीच. या सपाट स्क्रीनवर उडी उशिरा दिसते," असं मीच बोलून बसलो होतो. पक्षाघातानंतर त्याच्या उजव्या हाताची बोटं मंदावली होती आणि लहानपणीच्या आमच्या कॉम्प्युटर गेममधला माणूस पहिल्याच खड्ड्यात पडत होता. झालं! दादाने व्यायामाचा रबरी चेंडू फेकून दिला. "हात बरा आहे ना? मग जुना डबा मॉनिटर आण, दाखवतो."

मी वेड्यागत भंगाराची दुकानं पालथी घातली. शेवटी मिरजेतल्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासात मिळाला. ते पंधरा किलोचं धूड गोधडीत गुंडाळून, पोटाशी धरून तीन मजले चढलो. बटण दाबताच टण्ण आवाज झाला, पडदा थरथरून उजळला आणि कित्येक महिन्यांनी दादा हसला.

पहिला खड्डा आला. दादाने बटण दाबलं. माणूस पडला. पुन्हा पडला. दहाव्यांदा पडला तेव्हा वहिनी उठून आत गेली. मला दादाकडे बघवेना. आता दोष द्यायला काहीच उरलं नव्हतं.

दादाने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. घामाने भिजलेल्या माझ्या शर्टाकडे बघत राहिला.

"कीबोर्डपण जुनाच लागतो बहुतेक," तो हळूच म्हणाला. "पण घाई नाही रे. तोवर तो चेंडू दे इकडे."