पुढची जागा

१९८३ साली नाशिकच्या भटक्या मंडळाने फुगवायच्या रबरी होड्यांतून गोदावरीत चार दिवसांची सहल काढली. प्रत्येक होडीत दोघं. जोडीने नावं नोंदवल्यावर महिन्याभरात मालनचा नवरा वारला, तरी ती आली. कुणीतरी त्याच्याविषयी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. "वहिनींना एकांत हवा असेल," म्हणत प्रमुख निवृत्तीने नवऱ्याच्या जागी पुढे वजनाला सगळ्यांच्या तांदळाचं पोतं ठेवलं. रोज भात शिजला, पोतं रिकामं झालं. सायखेड्यापाशी पुढून हलकी होडी वाऱ्यात गरगरू लागली. "माझं वजन एकदाचं कामाला आलं!" हसत दुसऱ्या होडीतली धिप्पाड सुमन येऊन पुढे बसली. वल्हवताना तिने विचारलं, "कसे होते गं ते?" मालन मुक्कामापर्यंत बोलत राहिली. पुढे मंडळ मोडलं. निवृत्ती पुण्याला गेला. सुमन सिन्नरला गेली, तिथेच वारली. मालन नाशिकलाच राहिली. तिला नवऱ्याविषयी पुन्हा कुणी विचारलं नाही.