दुसरा श्रोता

घंटा होऊन बारा मिनिटं झाली, तरी तरुण व्याख्याता टेशनरसमोरच्या बाकांवर विट्टे हा एकच विद्यार्थी बसला होता. विद्यापीठाचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. घंटेनंतर पाव तास थांबायचं. तेवढ्यात ऐकणारे निदान दोघं जमले नाहीत, तर तो विषय त्या सत्रापुरता रद्द. टेशनरची वाकड्या अवकाशाची भूमिती अशी दोनदा बुडाली होती. आज पुन्हा बुडाली, की गणित सोडून मामाच्या साबणाच्या कारखान्यात जायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"विट्टे, तुझा तो मित्र येणार होता ना?"

"त्याने रोरबाख सरांचा विषय घेतला, सर. तिथल्या रेघा सरळ असतात म्हणाला."

जिन्यात काठी वाजली आणि दारात खुद्द प्राध्यापक रोरबाख उभे राहिले. टेशनरच्या प्रबंधाला भर सभेत 'भ्रमिष्टाची बडबड' म्हणणारे ते हेच. टेशनरने हातातला खडू खाली ठेवला. वर्ग बंद पडताना डोळे भरून बघायला आलाय म्हातारा!

"सर, अजून वेळ संपलेली नाही," तो कसाबसा म्हणाला.

रोरबाख काठी टेकत पुढे आले आणि पहिल्या बाकावर विट्टेशेजारी बसले.

"झालो आम्ही दोघं. करा सुरू."

"पण सर, तुम्हाला तर यातलं काहीच पटत नाही!"

"अजिबात नाही." ते चष्मा पुसत होते. "पण चाळीस वर्षं मी चुकीचं शिकवत आलो असेन, तर ते मला जिवंतपणी कळू दे."