ना पळते, ना ॲव्हरेज देते

"शुद्ध फसवणूक आहे ही! म्हणे स्पोर्टी, म्हणे हायब्रिड. सिग्नलला स्कूटरवाले पुढे निघून जातात आणि ॲव्हरेज बघाल तर माझ्या जुन्या डबड्याएवढंसुद्धा नाही." गाडीचा मालक सर्व्हिस सेंटरमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडत होता. त्याची बायको बाकावर स्वस्थ बसली होती.

मेकॅनिकने गाडी तपासली. इंजिन ठणठणीत होतं, बॅटरी मात्र पार उतरलेली. त्याने डिकीच्या तळाचं झाकण उचललं आणि खालून एक पिशवी काढली. तिचं सीलसुद्धा कोणी फोडलेलं नव्हतं.

"साहेब, ही चार्जिंगची केबल. तुमची गाडी प्लग लावायची हायब्रिड आहे, ती रोज घरी चार्जिंगला लावायची असते. तुम्ही तीन वर्षं नुसत्या पेट्रोलवर एवढी जड बॅटरी ओढत फिरताय. मग ती पळणार कशी आणि ॲव्हरेज देणार कुठून?"

मालकाचा चेहरा पडला. "हे आधी सांगायला नको कोणी?" असं म्हणत तो तरातरा मॅनेजरच्या केबिनकडे निघाला.

मेकॅनिकने हळूच मालकाच्या बायकोला विचारलं, "ताई, तुम्हालाही माहीत नव्हतं?"

"होतं की. गाडी आली त्याच दिवशी मी पुस्तिका वाचून काढली होती."

"मग सांगितलं नाहीत?"

"सांगायला गेले होते. 'गाड्यांतलं तुला काय कळतं?' म्हणाले." तिने पर्स खांद्याला अडकवली. "म्हटलं, बरं. तेव्हापासून दर पेट्रोल पंपावर शेजारी बसून मजा बघतेय."