परवाचा सामना

बास्केटबॉलचा अंतिम सामना जिंकूनही कप्तान निलोफर खट्टूच होती. बुधवारी मैदानावर चिटपाखरू नव्हतं. टाळ्या वाजवायला एकटे देवकुळे सर, तेही खेळाचे शिक्षक म्हणून!

गुरुवारी चारला ती जर्सी परत द्यायला आली, तर मैदानावर अख्खं कॉलेज लोटलेलं. कुणी ताशासुद्धा आणला होता.

"अगं, कधी सुरू करताय?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

तिला काही उमजेना. सामना तर काल झाला!

चक्रावून ती सूचनांच्या फळ्यापाशी गेली. सोमवारी कॉलेज सुटल्यावर सरांनी खडूनं लिहिलं होतं, 'परवा चार वाजता अंतिम सामना.' तारीख नव्हतीच. सगळ्यांनी ते वाचलं मंगळवारी.

तिच्या मागोमाग आलेले सर ओशाळून फळा पुसायला धावले.

"राहू द्या, सर," निलोफर जर्सी पुन्हा अंगात चढवत म्हणाली. "आज वाचणारे शनिवारी येतील."