वाचलेले दोन तास

"आपण आठ घंटे करू, आन् आपले पोरं गेटाबाहेर बसतीन?" कृष्णरावांनी भर सभेत विचारलं. "आपण सहाच करू. दोन घंटे पोराइले द्या!"

छत्तीसगडातल्या रसमड्याच्या त्या कारखान्यातले कामगार आधी कुरकुरले, मग एकेक करत हात वर झाले. मालकालाही पटलं. तीन पाळ्यांच्या चार झाल्या, पगार पाऊणपट झाला, आणि नवी भरती हळूहळू सुरू झाली. कृष्णरावांनी सगळ्यांना एक शपथ मात्र घ्यायला लावली. वाचलेल्या तासांत कोणी दुसरीकडे कामाला जायचं नाही.

त्यांचा जीव मुलात, रूपेशमध्ये अडकला होता. आयटीआय करून पोरगा घरीच बसला होता. "ठेकेदाराकडं मातर जाऊ नको," त्यांनी त्याला बजावलं होतं. "कारखान्यात तुहा नंबर लागनच."

नंबर काही लागेना. पाऊण पगारात घर चालवताना त्यांची बायको अंजनाबाई मेटाकुटीला आली. रूपेशला मात्र कशाचं सोयरसुतक नव्हतं. दुपारी जेवून जो गायब व्हायचा, तो अंधार पडल्यावरच उगवायचा.

शेवटी एके दिवशी सकाळची पाळी सुटल्यावर कृष्णरावांनी मोटरसायकल काढली आणि थेट कुम्हारी गाठली. चहाच्या टपरीवर लेथ मशीनच्या कामाचा एक ठेकेदार भेटला; त्याच्याकडे त्यांनी दुपारचं काम मागितलं.

"दोपहर में एक लड़का रखा है," तो म्हणाला. "नया है, हाथ धीमा है. आप आओगे तो आज ही उसकी छुट्टी कर दूँगा."

कृष्णरावांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "कर दो," ते म्हणाले. "पर मेरा नाम मत बताना."

लाज वाटली, नाही असं नाही. पण रूपेशचा नंबर लागला की सोडूनच द्यायचं आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि चार ओळखीच्यांना भेटत सावकाश रात्री घरी आले.

घरी अंजनाबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. रूपेश भिंतीला टेकून होता, जेवला नव्हता.

"तुमच्यापासून लपून कुम्हारीले लेथवर जाऊन रायला होता बिचारा," अंजनाबाई म्हणाल्या. "पयला पगार बाबाच्या हातात ठेवीन म्हने. आज काढून टाकलं त्याले."

कृष्णराव उंबऱ्यातच थबकले.

"कोनी म्हातारा भेटला म्हने ठेकेदाराले," रूपेश म्हणाला. "सकाळची ड्युटी करून येनार हाय. नाव नाही सांगत ठेकेदार, पन तुमच्या कारखान्यातलाच असन. तुमीच हुडकून काढा त्याले, बाबा."